अठरा-तीसचं भूत

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात मध्यंतरी काही आठवडे सगळ्यांचे वाढदिवस एक दिवस आधी येत होते. सकाळी नऊच्या सुमारास सिस्टिमकडून मेल यायचा, फुगे, केक, खाली नाव. ज्याचं नाव असेल तो ठाण्याहून ट्रान्सहार्बरच्या लोकलला लोंबकळत, घामाघूम होऊन पोचायचा आणि म्हणायचा, "अहो, उद्या आहे माझा." पहिल्या वेळी हसलो. दुसऱ्या वेळी वाटलं, फॉर्म भरताना चुकला असेल बिचारा. चौथ्या-पाचव्या वेळी कुणाच्या तरी लक्षात आलं की घोळ फक्त भारतातल्या लोकांचा होतोय, अमेरिकेतल्या ऑफिसातल्या एकाचीही तारीख हललेली नाही. आणि ते सॉफ्टवेअर आमच्याच टीमनं लिहिलेलं होतं.

डेटाबेसात नुसती तारीख होती, तीही चुकलेली. त्यावरून काही कळेना. मग ब्राउझरकडून सर्व्हरला काय येतंय ते लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, पाहिलं. १५ जून १९९० ला जन्मलेल्या माणसाची नोंद अशी आली होती: १४ जून १९९०, १८:३०:००, आणि शेवटी झेड हे अक्षर. दुसऱ्याची पाहिली, तारीख वेगळी पण वेळ तीच, १८:३०. तिसऱ्याचीही १८:३०.

हा आकडा लक्षात ठेवा. भारतात बसून तारखांशी खेळणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरला तो कधी ना कधी दिसतोच. शेवटचा झेड म्हणजे यूटीसी, सगळ्या जगाची मोजणी जिथून होते ती शून्याची वेळ. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. लॉगमध्ये १८:३० दिसलं की समजायचं, कुणीतरी एका साध्या तारखेला मध्यरात्रीची वेळ चिकटवली आणि मग ती यूटीसीत नेली. न मागता.

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. फॉर्ममधल्या छोट्या कॅलेंडरवर माणूस १५ जूनवर बोट ठेवायचा. जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेत वर्षानुवर्षं नुसती तारीख ठेवायला जागाच नव्हती. तिथलं जुनं 'डेट' नावाचं खोकं आत एकच आकडा धरून असतं, १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले तो. म्हणून १५ जूनचं झालं 'या कॉम्प्युटरच्या घड्याळात १५ जूनची मध्यरात्र'. ते सर्व्हरला पाठवताना यूटीसीत लिहिलं गेलं, १४ जून १८:३०. आणि सर्व्हरवरच्या कुणा सज्जनानं, "मला काय करायचीय वेळ, मला तारीखच हवी," म्हणून पहिली दहा अक्षरं कापून घेतली. १४ जून.

न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या माणसाचं मात्र काही बिघडत नव्हतं. तो यूटीसीच्या मागे आहे, उन्हाळ्यात चार तास, हिवाळ्यात पाच. त्याची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत त्याच तारखेचे पहाटेचे चार किंवा पाच. दहा अक्षरं कापा, तारीख बरोबर. त्यांच्या टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, आणि आमच्या तक्रारीला उत्तर, "आमच्याकडे तर चालतंय."

याचा उलटा बगही, म्हणजे प्रोग्राममधली चूकही, असते आणि ती आपल्याला दिसत नाही. जावास्क्रिप्टला '१९९०-०६-१५' अशी नुसती तारीख मजकूर म्हणून दिली, तर ती यूटीसीतली मध्यरात्र धरली जाते. पण तिच्यापुढे वेळ लिहिली आणि झोन, म्हणजे ती कुठल्या प्रदेशाची वेळ ते, लिहिला नाही, तर मात्र तुमच्या कॉम्प्युटरची स्थानिक वेळ धरली जाते. का, ते विचारू नका. आता यूटीसीची मध्यरात्र आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, तारीख तीच, आपण खूश. न्यूयॉर्कमध्ये तीच वेळ आदल्या संध्याकाळची, तारीख एकनं मागे. ऐरोलीत चालतं, तिकडे फसतं. ग्रीनिचच्या पूर्वेचे बग पूर्वेला छळतात, पश्चिमेचे पश्चिमेला, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या टेबलाशी निष्पाप असतात.

मोबाइलवर एखाद्या ॲपमध्ये 'शेवटची भेट: १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०' असं वाचलं असेल तर ते याच घराण्यातलं. आकडाच आलेला नाही, म्हणून शून्य धरलं गेलं, आणि शून्य म्हणजे आपल्याकडचे साडेपाच.

टीममधल्या नव्या पोरानं मला विचारलं, "मॅम, मग सगळं यूटीसीतच ठेवायचं ना? सगळीकडे तेच लिहिलेलं असतं." त्याला मी माझ्या आजीची पत्रिका सांगितली.

माझा पत्रिकेवर विश्वास नाही. पण पत्रिका मांडणाऱ्या माणसाकडून टाइमझोन शिकण्यासारखा आहे, हे मात्र मी शपथेवर सांगेन. गुरुजी तीन गोष्टी विचारतात: जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ. स्थळ कशाला? कारण 'सकाळी आठ' एवढ्यावरून आकाशात त्या वेळी काय होतं ते कळत नाही. कुठल्या गावच्या घड्याळातले आठ, ते कळल्याशिवाय तो क्षण सापडत नाही. माझी आजी १९४३ ची, ठाण्याची. जन्म सकाळी आठचा. गुरुजींनी वहीत सात लिहिले. घरच्यांना वाटलं चुकले. ते म्हणाले, "युद्धाचा एक तास वजा करावा लागतो."

आणि ते खरंच आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपण यूटीसीच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे होतो. त्या काळातल्या घड्याळात आठ म्हणजे आजच्या हिशेबानं सात. गुरुजींच्या वहीत जे होतं तेच आज जगभरच्या कॉम्प्युटरांत एका फायलीत असतं. तिला टाइमझोन डेटाबेस म्हणतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती १९८० च्या दशकात सुरू केली, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली, आणि २०११ पासून ती इंटरनेटवरची नावं-आकडे सांभाळणाऱ्या आयएएनए या संस्थेच्या छत्राखाली आहे. तुमच्या फोनमध्ये आहे, सर्व्हरवर आहे, बहुधा टीव्हीतही असेल. कुठल्या प्रदेशात, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, घड्याळ यूटीसीच्या किती पुढे-मागे होतं, याची ती वही.

तर पोराला सांगायचं होतं ते हे. आपण 'तारीख-वेळ' म्हणून एकाच डब्यात कोंबतो त्या खरं तर वेगवेगळ्या वस्तू आहेत. पैसे जमा झाले, दरवाजाला कार्ड लावलं, मेसेज पोचला, हे क्षण. सगळ्या जगाला एकदमच घडले. ते यूटीसीत ठेवा आणि दाखवताना बघणाऱ्याच्या घड्याळात बदला. इथे ते सगळीकडे लिहिलेलं वाक्य अगदी बरोबर आहे. वाढदिवस हा क्षण नाही. १५ जूनला जन्मलेला माणूस टोकियोत गेला तरी १५ जूनलाच केक कापतो. त्याला ना वेळ आहे ना झोन. तो नुसता तारीख म्हणूनच ठेवायचा, जावात 'लोकल डेट', पायथनमध्ये 'डेट', आणि जिथे असं खोकंच नाही तिथे साधा मजकूर, पण त्याला मध्यरात्र लावायची नाही. आणि 'दर मंगळवारी सकाळी नऊ, न्यूयॉर्क' ही तिसरीच जात: भिंतीवरच्या घड्याळातली वेळ आणि ते घड्याळ कुठल्या गावात लटकलंय त्याचं नाव. आजीची पत्रिका या तिसऱ्या जातीची.

गावाचं नाव म्हटलं, '+५:३०' नाही म्हटलं, आणि बहुतेक जण इथेच घसरतात. '+५:३०' हे उत्तर आहे. 'एशिया/कोलकाता', म्हणजे त्या वहीतलं भारताच्या झोनचं नाव, हा नियम आहे, ज्यातून ते उत्तर निघतं. श्रीलंकासुद्धा आज +५:३० वर आहे, पण २००६ पर्यंत ती सहा तासांवर होती. दोघांना नुसता आकडा लावून ठेवलात तर कोलंबोतली जुनी नोंद अर्ध्या तासानं चुकणार. भारतीय प्रमाणवेळेची 'आयएसटी' ही तीन अक्षरं तर विसरूनच जा. इस्रायलची तीच आहेत आणि आयर्लंडचीही. पोस्टग्रेस या डेटाबेसात काही बदल न करता 'आयएसटी' लिहिलंत तर तो इस्रायल समजतो, म्हणजे तुमची वेळ साडेतीन तासांनी उडाली.

'एशिया/मुंबई' का नाही, असा प्रश्न ठाण्या-मुंबईच्या माणसाला पडतोच. ही वही १९७० नंतर ज्यांची घड्याळं सारखी चालली त्यांना एकत्र धरते, आणि १९७० नंतर सगळा भारत एकच आहे. त्याआधी नव्हता, आणि ती गोष्ट आपल्या स्टेशनाशी जोडलेली आहे. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी निघाली ती ठाण्याला आली. तेव्हा प्रत्येक गावाची वेळ त्याच्या सूर्याची. बोरीबंदर आणि ठाणे यांच्या सूर्यात फरक सुमारे अर्ध्या मिनिटाचा, कुणाला काय त्याचं. पण रूळ पुढे कलकत्त्याकडे गेले आणि मुंबई-कलकत्ता हा फरक एक तास दोन मिनिटांचा. वेळापत्रक कुणाच्या घड्याळाचं छापायचं? रेल्वेनं १८७० पासून मद्रासची वेळ धरली. १ जानेवारी १९०६ ला ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ आली. तरी मुंबईनं ऐकलं नाही. शहरात 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालू राहिला, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. लोकलचं घड्याळ वेगळं, नगरपालिकेचं वेगळं. आज आपण दोन सर्व्हरच्या घड्याळांवरून भांडतो तसं तेव्हा शहर भांडत होतं.

हे सगळं इतिहासात राहिलं असतं तर मी इथे आणलं नसतं. पण ते कोडमध्ये वर येतं. पायथनमध्ये 'पायटीझेड' नावाची जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. तिच्याकडून 'एशिया/कोलकाता' घेऊन तुम्ही सरळ तारखेला चिकटवलंत, तर ती वहीतली पहिली ओळ उचलते. पहिली ओळ म्हणजे कोलकात्याची जुनी सूर्यवेळ, पाच तास त्रेपन्न मिनिटं. सकाळी दहाची मीटिंग नऊ वाजून सदतीस मिनिटांची होते. आमच्याकडे एका अहवालात सगळ्या वेळा तेवीस मिनिटांनी मागे येत होत्या आणि दोन दिवस आम्ही नेटवर्कला शिव्या घालत होतो. तेवीस मिनिटं, म्हणजे जवळजवळ एक घटिका! सर्व्हर एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्यात राहत होता. त्या लायब्ररीत 'लोकलाइझ' ही वेगळी पायरी वापरली तर हे टळतं, पायथन ३.९ पासून सोबत येणारं 'झोनइन्फो' घेतलं तर प्रश्नच उरत नाही.

आता उन्हाळी वेळेकडे. आपल्याकडे ती नाही म्हणून आपण तिला फार हलक्यात घेतो. नवी मुंबईतल्या कॅबवाल्यांना मात्र ती पाठ आहे: अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, आणि महापे-घणसोलीच्या पिकअपच्या वेळा त्याबरोबर हलतात. न्यूयॉर्कची सकाळी नऊची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला, हिवाळ्यात साडेसातला. लंडन बदलतं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मधल्या काही आठवड्यांत न्यूयॉर्क-लंडनचं अंतरही नेहमीचं नसतं, आणि तिघांची मीटिंग असेल तर एक तरी माणूस चुकीच्या तासाला एकटाच बसलेला सापडतो.

त्या रविवारी घड्याळाचं काय होतं ते आपल्याला मेगाब्लॉकवरून लगेच समजेल. मार्चमध्ये रात्री दोन वाजले की थेट तीन वाजतात. दोन ते तीनमधल्या सगळ्या गाड्या रद्द. अडीच वाजतच नाहीत. रोज रात्री अडीचला चालणारं काम त्या रात्री एक तर चालत नाही किंवा सिस्टिम स्वतःच्या मर्जीनं दुसऱ्या वेळी चालवते. नोव्हेंबरमध्ये दोन वाजले की परत एक वाजतो, म्हणून दीडची गाडी दोनदा येते. व्याज लावणारं काम दीडला ठेवलं असेल तर व्याज दोनदा. म्हणूनच 'एक दिवसानंतर' आणि 'चोवीस तासांनंतर' हे एकच नाही. तिकडे वर्षातला एक दिवस तेवीस तासांचा असतो आणि एक पंचवीसचा. औषधाची गोळी चोवीस तासांनी घ्यायची असते, अलार्म उद्या सकाळी सातला वाजायचा असतो. दोन्हींत तुम्ही ८६४०० सेकंद मिळवलेत तर एक तरी चुकणार. काय मिळवायचंय, तास की दिवस, ते आधी ठरवा आणि मग ते मिळवण्याचं काम लायब्ररीला द्या.

आता पोराच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. दर मंगळवारची न्यूयॉर्कची नऊची मीटिंग त्यानं यूटीसीत १३:०० अशी ठेवली होती. जुलैत बरोबर. नोव्हेंबरात न्यूयॉर्कवाल्यांना ती आठला दिसायला लागली आणि आम्हाला मात्र साडेसहालाच. आम्हाला बरंच होतं, घरी लवकर जाता यायचं, पण मीटिंग क्लायंटची. भविष्यातली भेट ठेवताना ती कुणाच्या घड्याळाची आहे ते विचारायचं, आणि त्या घड्याळाची वेळ व त्या झोनचं नाव, दोन्ही जसंच्या तसं ठेवायचं. यूटीसी त्यातून काढता येतं, पण ते पक्कं नसतं, कारण नियम सरकारं बदलतात, आणि कधीकधी आयत्या वेळी. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये घड्याळ पुढे करायच्या जेमतेम काही दिवस आधी सरकारनं सांगितलं की यंदा रमजान संपेपर्यंत थांबू. निम्म्या देशानं ऐकलं, निम्म्यानं नाही, काही दिवस एका देशात दोन वेळा चालल्या, आणि मग सरकारनं निर्णय फिरवला. ज्यांनी बैरूतच्या भेटी यूटीसीत गोठवून ठेवल्या होत्या त्यांचं काय झालं असेल! मेक्सिकोनं २०२२ मध्ये बहुतांश देशातून उन्हाळी वेळ काढून टाकली, इजिप्तनं २०२३ मध्ये परत आणली. सामोआनं तर डिसेंबर २०११ मध्ये ३० तारीखच गाळली. २९ नंतर थेट ३१. त्या वहीच्या नव्या आवृत्त्या वर्षातून अनेकदा निघतात त्या यासाठी, आणि सर्व्हरवर ती अपडेट होतेय ना हे बघणं हेही कुणाचं तरी काम असावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते कुणाचंच नसतं.

जाता जाता एक आवडीचं उदाहरण. तिथी हा चंद्र-सूर्यातल्या १२ अंशांच्या अंतराचा हिशेब आहे, म्हणून ती सुरू होण्याचा आणि संपण्याचा क्षण सगळ्या पृथ्वीवर एकच. पण दिवसाची तिथी साधारणपणे सूर्योदयाला कोणती आहे त्यावरून धरतात, आणि सूर्योदय गावोगावचा. म्हणून न्यूजर्सीतल्या मावशींची एकादशी कधीकधी ठाण्यातल्या आईच्या एकादशीच्या तारखेला येत नाही. 'भारतातली तारीख घ्या आणि साडेनऊ तास वजा करा' असं करणारी पंचांगाची ॲप मी पाहिली आहेत. मावशींना उपास चुकीच्या दिवशी घडतो. क्षण आणि तारीख यांतला फरक आपल्या घरात इतक्या दिवसांपासून होता, आणि आपण तो जावास्क्रिप्टकडून शिकलो.

डेटाबेसबद्दल थोडंसंच, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पोस्टग्रेसमध्ये 'टाइमस्टँप विथ टाइमझोन' असा प्रकार आहे, आणि नावात टाइमझोन असूनही तो टाइमझोन साठवत नाही. क्षण यूटीसीत ठेवतो आणि झोन विसरतो. झोनचं नाव हवं असेल तर शेजारी वेगळा रकाना करा. मायएसक्यूएलमध्ये 'टाइमस्टँप' यूटीसीत जातो, 'डेटटाइम' तुम्ही जे द्याल ते मुकाट ठेवतो. हे 'मुकाट' पुढे आम्हाला भोवलं.

वाढदिवसाचा बग सुधारायला वीस मिनिटं लागली. फॉर्ममधून तारीख मजकूर म्हणून पाठवायची, वाटेत कुणी तिला मध्यरात्र लावायची नाही, बस. त्यानंतर आमच्या टेस्ट तीन झोनमध्ये चालतात: न्यूयॉर्क, कोलकाता आणि काठमांडू. काठमांडू यासाठी की नेपाळ पाच तास पंचेचाळीस मिनिटांवर आहे, आणि 'झोन म्हणजे पूर्ण तास किंवा अर्धा तास' असं मनात धरून कोड लिहिणाऱ्याला तो बरोबर पकडतो.

पण आधीच चुकून बसलेल्या तारखांचं काय? पोरगा म्हणाला, भारतातल्या सगळ्यांना एक दिवस वाढवून टाकू. टाकलाही असता, पण तोवर बऱ्याच जणांनी वैतागून स्वतःच्या प्रोफाइलमध्ये जाऊन तारीख 'दुरुस्त' केली होती. काहींची दुरुस्ती पुन्हा एक दिवस मागे गेलेली, मग काही हुशार लोकांनी मुद्दाम १६ निवडून १५ मिळवली. बग सुधारून कोड वर चढवला त्या संध्याकाळच्या आधी शेवटचा बदल झालेल्या नोंदी वेगळ्या काढू, त्यातल्या हातानं बदललेल्या बाजूला ठेवू, बाकीच्यांना एक दिवस देऊ, असं ठरलं. प्रत्येक नोंदीला 'शेवटचा बदल' असा रकाना होताच. तो उघडला. 'डेटटाइम'. वर्षभरापूर्वी सर्व्हर अमेरिकेच्या स्थानिक वेळेवर होता, मग कुणीतरी तो यूटीसीवर आणला, मधले काही महिने ॲप आमच्या ऐरोलीच्या वेळेनं लिहीत होतं, आणि कुठली नोंद कुठल्या घड्याळाची आहे हे त्या रकान्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी एचआरनं सगळ्यांना मेल पाठवला: कृपया आपली जन्मतारीख कळवा.